नसलेल्या मुंग्या आणि मेडशीची फेरी

हात

कारंज्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुकानातलं एक काम मी कधी नोकराला करू दिलं नाही, ते म्हणजे भांड्यावर नाव घालणं. लग्नाची, वास्तूची भांडी घ्यायला माणसं येतात, कागदावर नाव लिहून देतात, आणि मशीनची सुई हातात धरून मी ते ताटावर, गंजावर, डब्याच्या झाकणावर कोरतो. माझं अक्षर सुबक आहे. हे मीच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी उरलं नव्हतं असा बराच काळ मी काढला आहे.

मेडशीकडच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी एकवीस ताटं घेतली होती. सकाळचे दहा वाजले असतील. पाचव्या ताटावर सुई सरकली आणि शेवटच्या अक्षरापासून काठापर्यंत लांब ओरखडा उठला. मशीन जुनं झालं, असं मी पुटपुटलो. सहाव्या ताटावरही तेच झालं. ते गृहस्थ माझ्या हाताकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, दोन घास खाऊन घ्या, मंग करा. आमाले घाई नाई." त्यांना वाटलं मी उपाशी आहे.

मी माळ्यावर गेलो आणि पाच मिनिटांनी खाली आलो. उरलेली पंधरा ताटं एका दमात कोरली, एकही अक्षर हललं नाही. त्या दिवशी मला कळलं की मी आजारी आहे. कळल्यावर मी काय केलं, तर बिघडलेली दोन ताटं भंगारात टाकली आणि नवी दोन काढून दिली.

सूर्यास्ताच्या आत

आमचं घर जैनांचं. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, सूर्य मावळल्यावर अन्न नाही. अशा घरात दारू कशी शिरली, हे मला खूप जणांनी विचारलं. शिरली ती माझ्याच पायांनी. माल आणायला परगावी जायचो तेव्हा एका व्यापाऱ्याच्या आग्रहाने पहिला पेला घेतला. पुढे आग्रहाची गरज उरली नाही.

हसू येईल अशी गोष्ट म्हणजे मी नियम मोडत नव्हतो. सूर्यास्तानंतर मी पाण्याचा थेंब घेत नसे, तिथे दारूचा प्रश्नच नव्हता. मी दिवसा प्यायचो. दुकानाच्या माळ्यावर शेकडो स्टीलचे डबे, त्यांतल्या एका डब्यात माझी सोय. संध्याकाळी मंदिरात जाऊन दर्शन घ्यायचो, सूर्य मावळायच्या आत व्याळू करायचो, तोंड धुऊन झोपायचो. स्वतःला मी चक्क धार्मिक समजत होतो. रात्रभर पोटात दारू नाही, म्हणून सकाळी हात कापायचे, आणि हात कापायचे म्हणून सकाळीच माळ्यावर जावं लागायचं. एवढी साधी गोष्ट समजून घ्यायला मला अकोल्याच्या डॉक्टरची गरज पडली.

दहा उपवास

ताटांच्या प्रकारानंतर मी सोडायचं ठरवलं. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. भाद्रपद जवळ आला होता. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस आमच्याकडे व्रतांचे. कोणी एकवेळ जेवतं, कोणी दहाही दिवस रोज फक्त एकदा पाणी घेऊन उपवास करतं. मला युक्ती सुचली. उपवास करणाऱ्याचे हात थरथरले, चेहरा उतरला, तर लोक काळजी करत नाहीत, पाया पडतात. त्या आडोशाला दारू सुटेल.

मंदिरात जाऊन मी दहा उपवासांचा नियम घेतला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने, सुनंदाने, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं तिलाही भरून आलं.

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी घामाने सदरा भिजला आणि छाती धडधडायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मंदिरात शास्त्रवाचन चाललं होतं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. संगमरवरी फरशीवर एक काळी रेघ हलताना दिसली, मग दुसरी, मग सगळी फरशी मुंग्यांनी भरली. माझ्या पायावर, सतरंजीवर, समोरच्या बाईंच्या पदरावर. मी पाय वर घेतले आणि म्हणालो, "पाय ठेवू नका, मुंग्या हायेत. मरतीन बिचाऱ्या."

वाचन थांबलं. लोकांनी वाकून पाहिलं. फरशी स्वच्छ होती. पण मी तीन दिवसांचा उपाशी, तपस्वी माणूस. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "जीवदया पहा कशी हाय. आपल्याले दिसत नाई ते त्याले दिसून राह्यलं." एक बाई मऊ झाडणी घेऊन आल्या. चार माणसं नसलेल्या मुंग्यांना वळसा घालून खांबापाशी जाऊन बसली. मी त्यांना सांगत होतो की तिथेही आहेत, आणि ती पुन्हा उठत होती.

मग मी पडलो. झटका आला होता, दाताखाली जीभ सापडली होती. हे मला नंतर सांगण्यात आलं. मला आठवतं ते एवढंच, की पडताना आपल्या अंगाखाली किती जीव चिरडले, याचं मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांचा प्रश्न

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझे हात समोर धरायला लावले, जीभ पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग घरच्यांकडे वळून साधेपणाने विचारलं, "रोज किती घेतात?"

आई म्हणाली, "काय घेतात? तीन दिवसांचा उपास हाय त्याले."

"दारू किती घेतात, ते विचारतोय."

आईने डॉक्टरांना आमचं घर कसं आहे ते सांगितलं. कांदा येत नाही, मध येत नाही, पाणी गाळून पितो. धाकटा भाऊ अनिल चिडला आणि म्हणाला, दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ. मी डोळे मिटून पडलो होतो. डोळे मिटले की मुंग्या पापण्यांच्या आत यायच्या.

तेव्हा सुनंदा बोलली. भिंतीकडे तोंड करून, पण स्पष्ट. "अर्धी बाटली. कधी जास्त. दिवसा घेतात. चार वर्षं झाले."

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. चार वर्षं. मी माळ्यावर डब्याची जागा बदलत होतो, वेलदोडे चघळत होतो, आणि ही बाई चार वर्षं सगळं जाणून जेवायला वाढत होती. नंतर एकदा मी तिला विचारलं, काहून बोलली नाही. ती म्हणाली, "बोलली असती तं तुमी नाई म्हटलं असतं. मंग मले तुमचं खोटं बोलणं बी पाहा लागलं असतं."

जाता जाता डॉक्टर मला म्हणाले, "अशी दारू एका दिवसात, तीही उपाशीपोटी, एकट्याने सोडायची नसते. जीव गेला असता." हे मी इथे मुद्दाम लिहितो. तुम्ही रोज पीत असाल आणि सकाळी हात कापत असतील, तर सोडा, पण डॉक्टरच्या नजरेखाली सोडा. शपथ घ्यायला कोणाची हरकत नाही, पण नुसत्या शपथेवर माझं काय झालं ते तुम्ही वाचलंच.

वॉर्डातली मावशी

पाच दिवस मी तिथे होतो. पहिले दोन दिवस माझे हात पट्टीने पलंगाला बांधले होते, कारण मी सलाईन काढून मुंग्या झटकत होतो. सकाळी सहाला चादरी बदलत, आठला इंजेक्शन, अकराला डॉक्टर, मग दिवस संपतच नसे. सुनंदा घरून गाळलेलं, उकळलेलं पाणी कॅनमधून आणायची, मुगाचं पाणी चमच्याने पाजायची आणि स्टुलावर बसून राहायची. आम्ही बोलत नव्हतो. शेजारच्या पलंगावरच्या माणसाला भेटायला अख्खं गाव यायचं. माझ्याकडे तिच्याशिवाय कोणी आलं नाही, कारण घरच्यांनी कोणाला वॉर्डाचं नावच सांगितलं नव्हतं.

भीती म्हणजे काय ते मी तिथे पाहिलं. आपल्या डोळ्यांवर आपला विश्वास नाही, ही ती भीती. दुसऱ्या दिवशी झाडणारी मावशी आली. मी तिला म्हणालो, "मावशी, झाडू नका, मरतीन." सगळे मला सांगत होते की काही नाही, भास आहे, गप पडा. तिने झाडू खाली ठेवला, सुपली घेतली, आणि माझ्या पलंगाभोवती हळूहळू, न घासता, सुपली फिरवली. खिडकीपाशी जाऊन ती रिकामी केली.

"घ्या. एकबी मारली नाई. बाहेर झाडाखाली सोडल्या. आता झोपा."

मी झोपलो. त्या दोन दिवसांत मी झोपलो ती तेवढीच झोप. तिचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

सत्कार

गावात बातमी अशी पसरली होती की उपवासाची कमजोरी आली. घरच्यांनी ती खोडली नाही. मीही नाही. पर्व संपल्यावर क्षमावाणीचा दिवस येतो. सगळे एकमेकांची क्षमा मागतात आणि व्रत करणाऱ्यांचा सत्कार होतो. माझे तीनच उपवास झाले होते, पण "प्रकृतीची पर्वा न करता" असं म्हणून यादीत माझंही नाव वाचलं गेलं.

तेव्हा मी उठून "नाही" म्हणू शकलो असतो. आईकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने पदर नीट केला. मी पुढे गेलो. शाल घातली, श्रीफळ हातात दिलं, टाळ्या झाल्या. त्यानंतर शंभरेक माणसांनी मला हात जोडून क्षमा मागितली आणि मी सगळ्यांना क्षमा केली. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा प्यायलो.

या वेळी लपलं नाही. अनिलने माळ्यावर धरलं. घरात मोठा आवाज झाला नाही, आमच्या घरात होत नाही. आईने एवढंच सांगितलं, की याने आता स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. डॉक्टरांकडे पुन्हा दाखल झालो, या वेळी नीट, औषधांवर दारू सुटली. परत आलो तेव्हा माझं अंथरूण दुकानावरच्या खोलीत घातलेलं होतं. दुकान पुढे, घर मागे, मधे अंगण. ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर यायचं. मी खाऊन, घासून परत तिथेच ठेवायचो. एवढी भांडी विकणारा माणूस मी, पण त्या वर्षात माझ्या हातात एकच ताट असायचं.

एकटेपणाबद्दल लोक खूप चांगलं चांगलं लिहितात. मला तो चांगला वाटला नाही. खाली घरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, शिकायला बाहेर असलेली आमची मुलगी सुट्टीत यायची आणि अंगणातून हात करायची. जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून बसायचो, आणि ते पाऊल ताट ठेवून परत जायचं.

नारायणभाऊंची गाडी

डॉक्टरांनी वाशिमजवळच्या मालेगावातल्या, दारू सोडणाऱ्यांच्या मंडळाचा पत्ता दिला होता. मी तिथे गेलो त्याचं खरं कारण एवढंच, की मालेगावात मला कोणी ओळखत नव्हतं.

या मंडळाची सुरुवात एका एसटी कंडक्टरने केली. नारायणभाऊ, आता निवृत्त. ते स्वतः पीत होते, त्यातून कामावरून निलंबित झाले, आणि दवाखान्यातून सुटून पुन्हा कामावर आले. ड्यूटी संपल्यावरचा तास-दीड तास त्यांना घातक वाटायचा. स्टँडच्या बाहेर पाऊल पडलं की पाय ओळखीच्या दुकानाकडे वळायचे. म्हणून ते बाहेरच पडेनात. ड्यूटी संपली की तिकीट काढून ते साधे प्रवासी म्हणून मेडशीच्या गाडीत बसायचे. मेडशीला उतरायचं, चहा घ्यायचा, येणाऱ्या गाडीने परत. चालू गाडीत पिता येत नाही आणि मधेच उतरता येत नाही. परत येईपर्यंत तलफ ओसरलेली असायची.

काही महिन्यांनी त्यांनी एका ड्रायव्हरला सोबत घेतलं. मग बाजार समितीतल्या एका हमालाला, मग एका मास्तरांना. मागच्या दोन बाकांवर चौघं बसायची. मेडशीच्या चहावाल्याने त्यांना फेरीवाले हे नाव पाडलं. त्यांच्यातला एक जण फेरी चुकवून प्यायला गेला आणि मेला. त्याच्या बायकोने आपल्या पिठाच्या गिरणीमागची पत्र्याची खोली मंडळाला दिली. म्हणाली, "गाडीत बोलता येत नाई तुमाले नीट. इथं बसून बोला." आज तिथे आठवड्यातून दोनदा बैठक होते, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं येतात, दवाखान्याचे डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन जातात. पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी खोलीत बसवत नाहीत. त्याला मेडशीला नेतात.

मला नेलं तेव्हा नारायणभाऊ खिडकीशी बसले. मी बोलेन म्हणून वाट पाहिली नाही. सोयाबीन कुठे पिवळं पडलं, तुरीला फूल कसं आहे, हे पाहत बसले. येताना मला म्हणाले, "आमच्याकडे एकच कायदा हाय. कोणाचा सत्कार करायचा नाई. वर्ष झालं असो का दहा वर्षं. हार नाई, शाल नाई, फोटू नाई."

"काहून?" मी विचारलं.

"एका जणाचा केला होता. मोठा कार्यक्रम. त्यानंतर तो घसरला तं आमाले सांगायले आलाच नाई. शाल घेतली होती ना."

गाडी मालेगावात शिरेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. मग त्यांना सगळं सांगितलं, मुंग्यांसकट. मुंग्यांना वळसा घालणाऱ्या माणसांपाशी आलो तेव्हा ते एवढे हसले की पुढच्या बाकावरच्या बाई वळून पाहायला लागल्या. मीही हसलो. कित्येक महिन्यांनी.

तिथे मला एकटं वाटलं नाही असं मात्र म्हणणार नाही. बहुतेक जण शेतकरी, मजूर. मी शेठ. बैठक संपल्यावर सगळे चहा घेत तेव्हा सूर्य मावळलेला असायचा आणि मी नुसता बसून राहायचो. तीन-चार बैठकांनंतर पाहतो तर चहा आधी आला. मास्तर म्हणाले, "सूर्य हाये तवाच चहा. प्रकाशभाऊ नुसते आमच्या तोंडाकडं पाहत बसतात, मले घोट उतरत नाई." त्यानंतर चहाची वेळ तीच राहिली.

राखी

दहा महिने मी थेंब घेतला नाही. दुकानात बसायला लागलो, मशीन पुन्हा हातात घेतलं. ताट अजून जिन्यावरच येत होतं.

राखीच्या दिवशी माझी बहीण वाशिमहून आली. मी सकाळीच अंघोळ करून, नवा सदरा घालून खोलीत बसलो होतो. अंगणात तिचा आवाज ऐकला, हसणं ऐकलं. अनिलला ओवाळलं असेल. जिन्यावर पाऊल वाजलं. मी दार उघडलं तेव्हा तिसऱ्या पायरीवर ताट होतं, आणि ताटाशेजारी एका पाकिटात राखी.

ती राखी मी डाव्या हाताने उजव्या हाताला बांधायचा प्रयत्न केला. गाठ बसेना. नारायणभाऊंना फोन करायचा होता, पण सणाचा दिवस, त्यांच्या घरी लेकी आल्या असतील, कशाला त्रास द्या, असा शहाणपणा केला. सदऱ्यावर जाकीट चढवलं आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर गेलो. चार वाजता प्यायलो. सूर्यास्ताच्या आत.

दुसऱ्या दिवशी मालेगावला जाऊन नारायणभाऊंना सांगितलं. ते रागावले नाहीत. "पेले तं पेले. चला, गाडी लागली हाय." मेडशीच्या अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, "घरी सांगतलं?"

"नाई. कोणाले समजलं नाई."

"मंग अजून पिऊनच राह्यले तुमी."

मी त्यांच्यावर मनातून चिडलो. सांगून काय होणार होतं? दहा महिन्यांनी नुकतंच आईने अंगणातून जाताना वर पाहायला सुरुवात केली होती. सांगितलं की ते संपलं. मला त्या घरात परत जायचं होतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, पाटावर बसून, कोणीतरी वाढलेलं जेवायचं होतं. दुसरं काही नको होतं. त्यासाठी एक दिवस लपवणं मला महाग वाटत नव्हतं.

दारात

त्या वर्षी गावात एका मुनीमहाराजांचा चातुर्मास होता. आमचे मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. कोणाच्या घरी घ्यायचा ते आधी सांगत नाहीत. मनात एक खूण धरून निघतात, आणि ती खूण ज्या दारात दिसेल तिथेच थांबतात. घरोघरी लोक शुद्ध स्वयंपाक करून दारात उभे राहतात. महाराज थांबले तर पुढे होऊन म्हणायचं असतं, की मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, आहार-पाणी शुद्ध आहे, आत यावं.

तीन दिवस सुनंदा पहाटे उठून स्वयंपाक करत होती आणि कलश घेऊन दारात उभी राहत होती. तीन दिवस महाराज तिच्याकडे पाहून पुढे गेले. गल्लीत बायका बोलायला लागल्या, की महाराजांची खूण जोडप्याची असेल, जोडीने उभे राहणाऱ्यांकडेच थांबत आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी जिन्यावर पाऊल वाजलं आणि परत गेलं नाही. आई होती. वर्षभरात ती पहिल्यांदा वर आली होती. गुडघ्यावर हात ठेवून दम घेत म्हणाली, "अंघोळ कर आन् खाली ये. तुझं धोतर काढून ठेवलं हाय. वर्ष होत आलं, तू दारूले हात लावला नाई. सुनंदासंग उभा राह्य."

मी अंघोळ केली. कोरं धोतर नेसलो, उपरणं घेतलं, अंगण ओलांडलं. स्वयंपाकघराच्या दारातून तुपाचा वास आला. सुनंदाने कलश घेतला आणि माझ्या हातात श्रीफळ दिलं. तिचा हात गरम होता. अनिल, त्याची बायको, आई मागे उभे राहिले. गल्लीच्या कोपऱ्यावर माणसं दिसली, त्यांच्यामध्ये महाराज.

वाणी शुद्ध आहे. एवढे तीन शब्द मला म्हणायचे होते. म्हटले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं. महाराज चार घरं दूर होते.

"सुनंदा," मी हळू म्हणालो, "राखीच्या दिवशी मी पेलो होतो. मले इथं उभं राह्यता येत नाई."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडेच पाहत होती. मी श्रीफळ पायरीवर ठेवलं आणि मागे सरकलो, भिंतीला लागून. आई म्हणाली, "काय झालं?" मी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. अनिल दातओठ खात म्हणाला, "आजच सुचलं तुले? आताच?"

महाराज आमच्या दारासमोर आले. सुनंदाने एकटीने वाकून नमस्कार केला, एकटीने आवाहन केलं. तिचा आवाज स्पष्ट होता. महाराज क्षणभर थांबल्यासारखे वाटले आणि पुढे गेले. दोन घरं पुढे जयजयकार झाला.

आई देवघरात जाऊन बसली. अनिल दुकान उघडायला निघून गेला. मी अंगणात उभा होतो. वर जावं की मालेगावची गाडी गाठावी, समजत नव्हतं. मला हवं होतं ते सगळं सकाळी माझ्या हातात दिलं होतं आणि मी ते पायरीवर ठेवून आलो होतो. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"या आत," सुनंदा म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हणालो, "आई?"

"आईचं मी पाहीन. या."

तिने पाट मांडला. महाराजांसाठी केलेला स्वयंपाक तसाच झाकलेला होता. वरण, भात, फुलके, तुपाची वाटी. तिने ताट वाढलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिचे डोळे लाल होते. ती माझ्यावर रागावलेली होती, ते मला दिसत होतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

"किती दिवस झाले?"

"अठरा."

"कोठी पेले? कोण होतं संग? पैल्यापासून सांगा."

मी सांगायला लागलो. बहिणीचं हसणं, पाकीट, न बसलेली गाठ, न केलेला फोन. मधे कुठे थांबलो तर ती म्हणायची, "मंग?" चार वर्षांत आणि त्या एका वर्षात जे कधी बोललो नव्हतो, तेही त्यात आलं. वरण गार झालं. आईने देवघरातून तिला दोनदा हाक मारली. ती उठली नाही.